त्या ३०९ जणांना, अमळनेरहून

सप्रेम नमस्कार,

तुमच्यापैकी एकाचंही नाव मला ठाऊक नाही, कळायची सोयही नाही. डॉक्टरांचे आभार मानून झाले, वॉर्डातल्या सिस्टरांना पेढे देऊन झाले. राहिलात ते तुम्ही, माझ्या भावाला लागू पडलेल्या औषधाच्या चाचणीत भाग घेतलेले.

माझ्या धाकट्या भावाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. माझ्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी जुळल्या, मी डोनर झाले, त्या त्याला चढवल्या. रक्तातल्या पेशींचे काउंट वर आले तशी आई कानबाईचा नवस फेडायच्या गोष्टी करायला लागली. तेवढ्यात त्याच्या तळहातांवर पुरळ उठलं, पाठोपाठ जुलाब. जीव्हीएचडी, म्हणजे ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज. माझ्या पेशींना त्याचं शरीर परकं वाटलं आणि त्या त्याच्या कातडीवर, आतड्यांवर तुटून पडल्या. मावशी फोनवर म्हणाली, "तुनं रगत त्याले पचनं नही." होतं खरं उलटंच, माझ्या रक्ताला तो पचत नव्हता. पण फोनवर काय समजावणार!

तेव्हा माझं काम एकच. जुलाब मापाच्या भांड्यात मोजायचे, वहीत वेळ आणि मिली लिहायचे. दिवसाची बेरीज दीड लिटरवर गेली की डॉक्टर काही न बोलता मागचं पान उलटून कालचा आकडा बघायचे. शिरेतून स्टिरॉइड चालू होतं. आठवडाभरात उतार पडला नाही, म्हणजे आजार स्टिरॉइडला दाद देत नाही असं धरतात. आमचं तेच झालं.

मग रुक्सोलिटिनिब आलं. ही गोळी मुळात मायलोफायब्रोसिस या अस्थिमज्जेच्या आजाराची, अमेरिकेत २०११ साली त्यासाठी मंजूर झालेली. पेशींना चिथावणारे निरोप जॅक १ आणि जॅक २ या एन्झाइमांमार्फत जातात, ते ती अडवते. जीव्हीएचडीत ती जुन्या औषधांपेक्षा सरस ठरते की नाही, हे तुमच्यावरच्या चाचणीत तपासलं गेलं. निकाल २०२० मध्ये छापून आला.

माझा भाऊ ज्या अवस्थेत होता, त्याच अवस्थेत तुमच्यापुढे संमतीचा कागद आला असणार. निम्म्यांना ही गोळी, निम्म्यांना डॉक्टर निवडतील ते जुनं औषध, आणि कोण कुठल्या गटात हे कुणाच्याच हातात नाही. अशा वेळी सही करायला काळीज लागतं. २८व्या दिवशी गोळीच्या गटात ६२ टक्के लोकांना गुण आला होता, दुसऱ्या गटात ३९. त्या दुसऱ्या गटातल्यांनो, तुमचे आभार मी काकणभर जास्तच मानते. तुमचा ३९चा आकडा शेजारी नसता तर त्या ६२ वर कुणी विश्वास ठेवला असता? आणि गोळी मिळालेल्यांपैकीही निम्म्यांना वर्ष काढता आलं नाही, हेही मी वाचलं आहे. म्हणजे हे पत्र तुमच्यातल्या अनेकांपर्यंत पोचायचंच नाही. त्यांच्या घरच्यांनी तरी वाचावं.

भावाच्या प्लेटलेट गोळीने घसरल्या, डोस कमी करावा लागला, बाहेरून प्लेटलेट चढवाव्या लागल्या. पण वहीतली बेरीज उतरत गेली. आता तो घरी आहे. भरताचं तिखट अजून सोसत नाही, कळण्याची भाकरी दुधात कुस्करून खातो आणि वर कुरकुरतो.

मागच्या तपासणीला त्याला विचारलं, एका अभ्यासासाठी थोडं रक्त द्याल का? त्याने अर्ज अख्खा वाचला, सुई किती वेळा टोचणार तेवढं विचारलं आणि सही केली.

आपली,
एक डोनर बहीण
अमळनेर, जि. जळगाव