वाड्यांचं सागवान भंगारात घालवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या पेठांमधले वाडे पडतायत यावर तुमच्याकडे बरंच छापून येतं, त्यात मी पडत नाही, मालक-भाडेकरूंचे वाद आहेत, पावसाळ्यात भिंती कोसळतात, लोकांनी किती वर्षं जीव मुठीत धरून राहायचं. माझं म्हणणं फक्त त्या वाड्यांतल्या लाकडाबद्दल आहे.

आमच्या भागातला एक वाडा उतरवला तेव्हा तुळया कटरने मधोमध कापल्या, का तर टेंपोत मावत नव्हत्या! एका झाडातून काढलेली अख्खी तुळई, इतकी वर्षं माडीचा भार घेऊन उभी, कुठे वाळवी नाही की बाक नाही. तिचे तुकडे झाले आणि आता त्याचं सेंटर टेबल होणार नाहीतर एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर शोभेला लागणार. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फळ्या तर सरळ जळणात गेल्या.

हे लाकूड परत मिळणार नाहीये हो. सागाला वाळवी लागत नाही असं आपण म्हणतो पण ते खरं फक्त गाभ्याच्या लाकडाला, बाहेरचं पांढरं लाकूड वाळवी आरामात खाते. झाड जितकं जुनं तितका गाभा मोठा आणि त्यात तेल आणि वाळवीला न चालणारी द्रव्यं जास्त. लागवडीतला साग बऱ्याचदा वीस-पंचवीस वर्षांत तोडतात, त्यात पांढरा भागच बराच असतो, म्हणून नवीन सागाची चौकट घेतली तरी कडेने पोखरते आणि दुकानदाराशी भांडण होतं. उलट चांगला साग किती टिकतो बघा, मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाज बांधणाऱ्या घराण्याने सागात बांधलेलं त्रिंकोमाली जहाज १८१७ चं आहे, ते इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे.

शनिवारवाड्याला जुन्नरच्या जंगलातला साग आणला होता, १८२८ च्या आगीत ते बहुतेक सगळं गेलं. विश्रामबागवाड्यालाही १८७९ ला आग लागली पण तो सावरला आणि त्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब आज आपण बघू शकतो. आता अशा वास्तूत एखादा खांब तळखड्यापाशी, म्हणजे खालच्या दगडी बैठकीपाशी, कुजला तर अख्खा खांब बदलायची गरज नसते, कुजलेला भाग कापून तिथे तसंच लाकूड सांध्याने बसवता येतं. पण ते लाकूड पूर्ण वाळलेलं पाहिजे, ओलसर नवीन घातलं की ते आकसतं, सांधा उघडतो, कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, सैल होतं आणि मग कोणीतरी त्यात सिमेंट भरतं, ज्याने ओल आतच कोंडून शेजारचं चांगलं लाकूडपण कुजतं. म्हणजे दुरुस्तीला जुनाच साग हवा, आणि तोच आपण रोज कापून विकतोय.

बाहेरून आणू म्हणाल तर म्यानमारने २०१४ पासून अख्खे ओंडके निर्यात करणं बंद केलंय. आपल्याच राज्याच्या सागाची किंमत बघा, अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग वाजतगाजत गेला, तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला! आणि इथे त्याहून जुना साग टेंपोत मावत नाही म्हणून कापतात.

महापालिकेला माझी विनंती आहे की जुना वाडा उतरवायची परवानगी देताना लाकडाची यादी आणि फोटो मागा, मोठे खांब आणि तुळया कापायच्या नाहीत अशी अट घाला, मालकाला योग्य भाव देऊन ते विकत घ्या आणि एका कोरड्या शेडमध्ये मापं लिहून ठेवा. मालकाचं नुकसान होता कामा नये, त्याला आज भंगारवाला देतो त्यापेक्षा जास्त मिळालं तर तो आनंदाने देईल. वाड्यांची, देवळांची दुरुस्ती निघाली की तिथूनच लाकूड द्यायचं. जुनी जोडकामं समजणारे सुतार अजून आहेत तोवर यादी करायला त्यांनाच सोबत घ्या, कुठली तुळई परत वापरता येईल ते त्यांना हात लावून कळतं. आणि हे पुढच्या पावसाळ्याच्या आत सुरू करा, कारण धोकादायक वाड्यांच्या नोटिसा निघाल्या की महिन्याभरात लाकूड गायब झालेलं असतं.

आपला,
एक वाचक, पुणे