आण्णांना पत्र: तुटलेल्या स्टडची हकिकत

हॅमिल्टन, कॅनडा, १४ एप्रिल

तीर्थरूप आण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईनं परवा व्हिडिओ कॉलवर बोटाची पट्टी पाहिली, तेव्हा कांदा चिरताना कापलं असं सांगितलं. तिला तेच राहू दे. तुम्हाला खरं ते लिहितो. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे मला सविस्तर सांगायचंय.

गाडी २००९ ची. महिनाभर सकाळी चालू केली की फटफट करायची आणि इंजिन तापलं की गप्प बसायची. तुम्ही फाटकातूनच सांगितलं असतं, इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट, ती मधली पट्टी, गेलंय म्हणून. इथल्या एका गॅरेजनं सहाशे डॉलर सांगितले, वर 'स्टड तुटले तर त्याचे वेगळे', म्हणजे नट बसतात त्या आट्यांच्या खुंट्या. म्हटलं, जन्म उद्यमनगरात गेला आणि चार नट सोडायला सहाशे डॉलर?

गंजाची कल्पना तुम्हाला तिथं बसून येणार नाही. मालवणला मामाची स्कूटर खालून कशी खाल्ली होती, आठवतं? इथं समुद्र नाही, पण हिवाळाभर रस्त्यावर मीठ ओततात, बर्फ वितळावा म्हणून. गोडरिच म्हणून गाव आहे, तिथं ह्यूरन सरोवराच्या तळाखाली साडेपाचशे मीटर खोल मिठाची खाण आहे, जगातली सगळ्यात मोठी. ते मीठ रस्त्यावरून थेट गाडीच्या पोटाला लागतं. नटाचे कोपरे झिजून गोल झालेले, पान्याची बारा नंबरची गोटी बसतच नव्हती, ठोकून बसवली.

पहिले तीन नट सुटले. चौथ्याला मी घाई केली. "आधी किंचित आवळ, कुरकुरला की मग सोड," हे तुमच्याकडून हजार वेळा ऐकलेलं, आणि तरी सरळ उलटा जोर दिला. सुटणारा नट हाताला करकरत येतो. हा लोण्यासारखा फिरला. पाना एकदम हलका झाला, मूठ रेडिएटरच्या पंख्यावर जाऊन आदळली आणि नटासकट स्टडचा तुकडा गोटीत खुळखुळायला लागला. पेरं सोललेली कळली ती नंतर.

मॅनिफोल्ड काढल्यावर दिसलं, इंजिनाच्या हेडच्या बाहेर जेमतेम तीन मिलिमीटर खुंटी उरलीय. रात्रभर तेल मुरवत ठेवलं. सकाळी ग्रिप प्लायर लावला, तर नुसता घसरून खुंटी चकचकीत झाली. मग तुटकी खुंटी आतून पकडून उलटी फिरवायचा इझी आउट हातात घेतला आणि परत ठेवला. त्या टेम्पोचं हेड आठवलं. इझी आउट आत मोडला होता, त्याला ड्रिल लागेना आणि ते हेड आपण सायकलच्या कॅरिअरला बांधून लेथवाल्याकडे नेलं होतं. तुम्ही वाटेत एक शब्द बोलला नव्हता. मी आठवीत होतो, पण तो मोडला कुणी, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटी शेजारच्या आजोबांना हाक मारली. मूळचे पोर्तुगालचे, पस्तीस वर्षं इथल्या पोलाद कारखान्यात काढलेली. मराठी त्यांना येत नाही, इंग्रजी माझ्याइतकंच. पण खुंटी बघून त्यांनी 'त्च्' केलं, अगदी तुमच्यासारखं. आधी बॅटरीची वायर काढायला लावली. खुंटीवर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग भरलं. हेड अॅल्युमिनियमचं, त्यामुळे लोखंडाचं वेल्डिंग त्याला चिकटत नाही. नटाचा लालपणा गेल्यावर त्यांनी मेणबत्ती घेऊन बुडाशी टेकवली. मेण वितळलं आणि आट्यांत ओढलं गेलं. ही मेणबत्तीची युक्ती तुमच्याकडे कधी पाहिली नव्हती.

पाना त्यांनी माझ्याच हातात दिला. या वेळी आधी आवळला. 'टक्' असा बारीक आवाज आला. मग पाव फेरा सोड, थोडा परत आवळ, पुन्हा सोड, असं करत दहा मिनिटांत सगळी खुंटी बाहेर. आटे शाबूत होते. आठचा टॅप नुसता हातानं फिरवून ते साफ केले, चारही स्टड नवे घातले आणि तांब्याचं ग्रीस लावलं. आता सकाळी गाडी आवाज करत नाही.

आजोबा पैसे घेईनात. हिनं पुरणपोळ्या दिल्या, त्या त्यांनी कॉफीत बुडवून खाल्ल्या. आईला हे मात्र जरूर सांगा.

मागे सायलेन्सरचे दोन बोल्ट अजून बाकी आहेत. रोज संध्याकाळी तेल सोडतोय, मेअखेरपर्यंत पाना लावणार नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा, आणि तोवर गाडीखाली शिरू नका.

तुमचा,
संजू