लॅमिंग्टन रोडवरच्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पावतीवर सही आहे, पण ती वाचता येईल तर शपथ. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. तिकडे जाणारं कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

मी तीच, दिवाळी अंकाच्या धबडग्यात लॅपटॉप छातीशी धरून आलेली गिरगावातली डीटीपीवाली. लॅपटॉप चालू होत होता, कारण विंडोज छोट्या एसएसडीवर. गायब झाली होती ती दुसरी, एक टीबीची हार्डडिस्क, म्हणजे माझा डी ड्राइव्ह. आधी कधी दिसायची, कधी नाही. मग बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावरही, दिसेना. बॅकअप होता, पण गणपतीपर्यंतचा. त्यानंतर लावलेली पानं, सतरांदा बदललेल्या जाहिराती, लेखकांनी फोनवरून सांगितलेले काना-मात्रा, सगळं तिच्या पोटात. प्रुफं तपासून झालेली पानं पुन्हा लावायची म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेले त्यांची नावं घेत नाही. एकाने लॅपटॉप उघडण्याचीही तसदी घेतली नाही. 'हार्डडिस्क उडाली. नवी टाकू. डेटाची जबाबदारी आमची नाही, इथे सही करा.' दुसरे महाशय त्याहून थोर. त्यांच्याकडे डिस्क क्षणभर दिसली आणि पडद्यावर 'इनिशियलाइज' करू का असं विचारणारी चौकट आली. 'ओके केलं की येईल,' म्हणत त्यांनी माउस तिकडे नेलासुद्धा. आली असती हो, पण पार्टिशनचा जुना नकाशा घालवून, कोरी करकरीत! मी लॅपटॉप अक्षरशः ओढून घेतला. वर 'मॅडम, तुम्हीच करा मग' हे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

तुम्ही काय केलंत? डिस्क बाहेर काढलीत, हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवलात, खाकी चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडून तिच्यावर लावलात आणि बॉलपेनने लिहिलंत, 'आत माल आहे. फॉरमॅट मारू नये.' बॉलपेन नीट चालेना, तर 'नये' दोनदा गिरवलंत. अजून काही तपासलं नव्हतं, पैशांचं बोलणं नव्हतं, डिस्क जिवंत आहे की नाही हेही तुम्हाला माहीत नव्हतं. गल्ल्यावरच्या पोराच्या हाती चुकून लागू नये म्हणून एवढी खबरदारी. काका, तिथे माझे डोळे भरून आले. तुम्ही ते पाहिलंत आणि उगाच पंख्याचं बटण शोधायला लागलात, तेही कळलं मला.

पुढचं काम तुमच्या दृष्टीने किरकोळच असणार. डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावलीत, तर माझी सगळी फोल्डरं जागच्या जागी. आधी ती सगळी कॉपी करून घेतलीत आणि मगच बाकीचं बघायला लागलात. स्क्रीन माझ्याकडे वळवून आकडे दाखवलेत: खराब सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांचा, शून्य; सीआरसी एररचा, म्हणजे ने-आण करताना वाटेत डेटा बिघडल्याचा, मात्र भरमसाट. 'डिस्क ठणठणीत आहे. डिस्क आणि बोर्ड यांच्या मधली वाट गेलीय.' ती वाट म्हणजे कागदासारखी चपटी केबल, घडीवर चिरलेली. एवढ्याशा पट्टीपायी मला नवी डिस्क विकली जात होती!

'बघितल्याशिवाय सांगणार नाही' हे वाक्य हल्ली किती कमी ऐकू येतं. डॉक्टर असो, प्लंबर असो, गाडीचा मेकॅनिक असो, जो तो आधी निकाल देतो आणि मग हवं तर तपासतो. दुसऱ्याच्या वस्तूत त्याची मेहनत असते हे जाणून तिला हात लावणारी माणसं अजून आहेत, कधी जिन्याखालच्या पाच फुटी दुकानात बसलेली असतात. बाहेर झगमगता बोर्ड नसतो म्हणून आपण पुढे जातो.

नवी केबल टाकल्यापासून डी ड्राइव्ह एकदाही रुसलेला नाही. ती चिकटपट्टी मात्र मी काढू दिली नाही, तशीच आत आहे. पुढे कुणी लॅपटॉप उघडला तर त्यालाही वाचू दे.

अंक छापखान्यात गेलाय. आला की एक प्रत घेऊन येतेच. तुम्ही फक्त केबलचे पैसे घेतलेत आणि 'मजुरी राहू दे' म्हणालात. ते या खेपेला चालणार नाही. मीही पानामागे पैसे घेते, फुकट लावून देत नाही कुणाला. आकडा ठरवून ठेवा.

तुमची,
डी ड्राइव्हवाली