रविवारच्या रंगकामाआधी वाचा: हॉक जेट

सभासद मित्रहो,

येत्या रविवारी १:७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) हॉक विमानाच्या मॉडेलचे रंगकाम आहे. फ्यूजलाज (विमानाचे धड) जोडून, सांधे घासूनच मॉडेल आणा. अर्धे चिकटवलेले आणलेत तर दिवस पुट्टी वाळण्यातच जातो. धडाचे दोन्ही भाग मिटवण्याआधी नाकात वजन चिकटवायला विसरू नका, नाहीतर विमान शेपटीवर बसते आणि नंतर उपाय उरत नाही.

कोणते विमान करताय ते आधी पक्के करा. ब्रिटिश हवाई कसरत पथक 'रेड ॲरोज'चे हॉक टी.१ आखूड, गोल नाकाचे. भारतीय हवाई दलाचे कसरत पथक 'सूर्यकिरण'चे हॉक एमके १३२ लांब नाकाचे. टी.१च्या किटवर सूर्यकिरणचे डेकल (चिकटवायच्या खुणा-चित्रे) लावले की जाणकाराला लगेच खटकते. १९९६ सालचे सूर्यकिरण करायचे असेल तर हॉक चालणारच नाही, तेव्हा पथकाकडे किरण एमके २ विमाने होती.

लाल रंगाबद्दल मात्र कळकळीने सांगतो. करड्या प्रायमरवर लाल मारू नका, तो मळकट विटकरी दिसतो. पांढरा प्रायमर, मग पांढरा रंग, पूर्ण वाळल्यावर मास्किंग (पांढरा ठेवायचा भाग टेपने झाकणे). टेपची कड नखाने दाबा, कडेवर पांढऱ्याचाच एक पातळ हात फिरवा आणि मगच लाल. टेपखाली शिरायचे ते पांढरेच शिरते, त्यामुळे रेघ सुरीने कापल्यासारखी निघते. लाल तीन-चार पातळ हातांत द्या.

डेकलआधी ग्लॉस वार्निश हवेच. एअरब्रशने (रंग फवारणाऱ्या पेनने) रंगवणाऱ्यांनी रेस्पिरेटर (श्वसनाचा मास्क) आणावा, त्याशिवाय फवारणीच्या बूथवर बसू देणार नाही.