वीणा का रखडली

वडगाव, बेळगाव
18 ऑगस्ट

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

"वीणा झाली का?" हे तू आता तिसऱ्यांदा विचारलंस. झाली होती रे. मीच परत खरवडली.

फणसाचं लाकूड खानापूरकडून आणलं होतं. दक्षिणेत वीणा फणसाचीच करतात, म्हणून हौस. रंधा मारला तेव्हा हळदीसारखं पिवळंधमक. जुनं होईल तसं तपकिरी होत जाईल. 80 नंबरच्या काचकागदानं घासलं (नंबर वाढेल तसा कागद बारीक), 120 ओझरता फिरवला आणि कंटाळून थेट 320 घेतला. हाताला लोणी! चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, पहिला हात दिला मात्र, तुंब्याच्या (खालच्या गोल भोपळ्याच्या) पोटावर 80 नंबरचे आडवे ओरखडे उठले, मांजरानं नख्या मारल्यासारखे. कोरड्या लाकडावर डोळ्याला दिसत नव्हते, पॉलिशनं चुगली केली.

गल्लीतले कानडी मेस्त्री डोकावून म्हणाले, "काय करालास? निधान, निधान." त्यांचं निधान म्हणजे सावकाश. आपल्या अभंगातलं निधान म्हणजे ठेवा, ते वेगळं, पण त्या दिवशी दोन्ही एकच वाटलं.

त्यांनी शिकवलं ते असं. सगळ्या अंगावर पेन्सिलीनं गिरगट्या मारायच्या आणि त्या पुसल्या जाईपर्यंत एकच नंबर घासायचा, तोही लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच. मग पुन्हा गिरगट्या, पुढचा नंबर. 120, 180, 220. त्यानंतर ओल्या फडक्यानं अंग पुसून रात्रभर ठेवायचं. लाकडाची बारीक लव उभी राहते. ती सकाळी 320 नं अगदी हलक्या हातानं उतरवायची. नाहीतर पॉलिशचा हात पडताच ती उभी राहते आणि अंग खरखरीत लागतं. चार दिवस हेच केलं. नाकातून पिवळी धूळ येत होती, आई म्हणाली हळदीच्या गिरणीत जातोस काय.

मग पाऊस. लिटरभर स्पिरिटात 100 ग्रॅम चपडा भिजवून गाळला, मलमलीच्या बोळ्यानं पातळ हात दिला, तर वर दूध सांडल्यासारखी पांढुरकी झाक. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं आणि दमट हवेतलं पाणी तिथंच धरतं. आता उघडीप बघून दुपारीच बसतो, दोन हात देऊन थांबतो. त्यातही शेजारच्या विणकरांच्या मागांचं सूत उडून ओल्या पॉलिशवर चिकटतं, म्हणून खिडकी लावून घामाघूम.

दुकानातल्यासारखी काचेगत चमक मागू नकोस, मी देणार नाही. तबलीवर, म्हणजे तुंब्यावरच्या पातळ फळीवर, जाड थर बसला की आवाज कोंडतो. काल बोटानं टिचकी मारली तर अजून छान घुमते.

कार्तिकीच्या सप्ताहाआधी तुझ्या भजनी मंडळाच्या वीणेकऱ्याच्या गळ्यात असेल. गणपतीला येताना 320 चे चार ताव आण, इथले लवकर झडतात. आणि बोळ्यासाठी वहिनींची एखादी जुनी मलमलची ओढणी, विचारून.

तुझा,
बाळू