पोटावर खूण नसली तरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली पान ३ वरची त्या बाळाच्या मृत्यूची बातमी वाचून रात्री डोळा लागला नाही. ‘अंगावर खुणा नसल्याने मारहाणीची शक्यता नाही,’ असे तुमच्या वार्ताहराने शवविच्छेदनाचा अहवाल येण्याआधीच लिहून टाकले. त्या घरावर मला आरोप करायचा नाही. पण हे वाक्य मी आधी ऐकले आहे.

मी रुग्णालयात परिचारिका होते. भर पावसात एका रात्री तीन वर्षांचा मुलगा आणला. हिरव्या उलट्या, पोट टम्म, हात लावू देईना. जांभ्याच्या पायरीवरून पडला म्हणाले. कधी? एक म्हणे सकाळी, दुसरा म्हणे काल. पोटावर ओरखडा नव्हता. केसपेपरवर ‘बाह्य खुणा नाहीत’ हे माझ्याच अक्षरात आहे. गॅस्ट्रो समजून सलाईन लावले, पहाटे पोर गेले. शवविच्छेदनात लहान आतडे सुरुवातीच्या भागात फाटलेले निघाले, यकृताला चीर, आणि एक बरगडी आधीच कधीतरी मोडून सांधत आलेली.

लहान मुलाचे पोट मऊ, सैल. लाथ-बुक्की बसली तरी वर वळ उठेलच असे नाही. आतडे, स्वादुपिंड मात्र मागे मणक्यावर चिरडते. मारहाणीत दगावणाऱ्या मुलांत डोक्याच्या इजेखालोखाल पोटाचीच इजा असते. आपल्याकडे पोरे गडग्यावरून, पायरीवरून रोज पडतात. खरचटते, हात मोडतो. पायरीवरून पडून आतडे सहसा फाटत नाही. हकीकत इजेशी जुळत नसेल, आणायला उशीर झाला असेल, तर एसजीओटी-एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी द्रव्ये, तरी बघा. ८० च्या वर गेले तर सीटी स्कॅन करावा, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ही साधी रक्ततपासणी त्या रात्री कोणाला सुचली नाही, मलाही नाही.

आणखी एक. चौकशी चालू असताना तुम्ही त्या बाळाचे नाव, फोटो आणि अंगणवाडीसुद्धा छापलीत. अशा मुलांची ओळख छापायला मनाई करणारे बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ तुमच्या कचेरीत कोणीच वाचले नाही का? फोटो निदान संकेतस्थळावरून आज काढा. आणि शवविच्छेदनाचा अहवाल येईल तेव्हा, तो काहीही असो, पान ३ वरच, तेवढ्याच जागेत छापा.

– एक निवृत्त परिचारिका, ता. दापोली, जि. रत्नागिरी