मशीन वाटल्यावर पुढे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गरीब घरांना शिलाई मशीन, बकऱ्या, हातगाडी वाटल्याचे फोटो आपल्या पेपरात नेहमी येतात. वाटपाला माझा विरोध नाही, पण माझं नंदनवनला मशीन रिपेअरिंगचं दुकान आहे आणि वाटपातल्या मशीनी वर्ष-दीड वर्षात माझ्याकडे येतात, त्यातल्या कितीतरी रिपेअरला नाही तर विकायला येतात, ते बघून जीव तुटतो.

दिवाळीनंतर वाठोड्याकडच्या एक ताई आल्या होत्या. बघितलं तर सुई उलटी बसवलेली, बॉबिन केसमध्ये धाग्याचा गुंता, तेल तर कधी पडलंच नव्हतं. दहा मिनिटांत चालू करून दिली, तरी म्हणे विकूनच टाका भाऊ. नवरा आजारी, गटाचे हप्ते थकलेले, ब्लाउज शिवून नेणाऱ्या बायका पैसे महिनाभराने देतात. ट्रेनिंग कुठे झालं विचारलं तर वाटपाच्या दिवशी स्टेजच्या मागे एकानं दाखवलं होतं, बस. म्हणजे मशीनमध्ये खराबी नव्हतीच, पहिले चार-सहा महिने घर चालवायला पैसा नव्हता आणि अडलं तर विचारायला कोणी नव्हतं.

बकऱ्यांचंही तेच. गाभण बकरी व्यायला पाच महिने, पिल्लू विकण्यासारखं व्हायला आणखी सहा-आठ, तोवर नुसता खर्चच. पावसाळ्याआधी आंत्रविषार या बकऱ्यांच्या रोगाची लस राहिली की आहे त्याही जातात. गावात निदान उमेद या सरकारी अभियानाच्या पशुसखी, म्हणजे जनावरांचं बघणाऱ्या शिकलेल्या बायका, तरी आहेत, शहरातल्या वस्तीत मशीनवालीकडे कोण जातं? 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, आपल्या शेजारच्या वर्ध्यातसुद्धा, गाई दिल्या होत्या, आणि घरात माणसांनाच पुरत नाही तिथे ढेप आणि चारा कुठून आणायचा म्हणून कित्येकांना त्या परवडल्याच नाहीत.

हे दुसरीकडे जमलेलं आहे. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने 2002 पासून अतिगरीब घरांसाठी वेगळी पद्धत सुरू केली, बंगालमध्ये मुर्शिदाबादला बंधन संस्थेने तीच केली. गाय किंवा बकऱ्या द्यायच्या, कमाई सुरू होईपर्यंत खायला थोडे पैसे द्यायचे, बचत करायला लावायची आणि दीड-दोन वर्षं दर आठवड्याला माणूस घरी जायचा. नोबेलवाले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी बंगालमधल्या कामाचा अभ्यास केला, दहा वर्षांनीही त्या घरांची स्थिती बाकीच्यांपेक्षा चांगली होती. बिहार सरकारने 2018 पासून जीविका या आपल्या बचत गटांच्या संस्थेमार्फत हेच सुरू केलं. मग आपल्याकडे का नाही?

लाडक्या बहिणीचे 1500 दर महिन्याला येतात, त्याचा आधार होतोच. पण त्यातून धंदा उभा करायला सोबत कोणीतरी लागतं. आणि काम लागतं. 2024 ला शाळेच्या गणवेशाची शिलाई महिला बचत गटांना दिली होती, उशीर झाला, मापं चुकली, पालक ओरडले आणि निर्णय फिरवला. तक्रारी खऱ्या होत्या, पण कापड वेळेवर देऊन आणि बायकांना शिकवून ते सुधारता आलं असतं, एवढं मोठं हक्काचं काम हातचं घालवायला नको होतं.

माझी मनपाला आणि संस्थांना विनंती आहे की शंभर मशीनी वाटण्यापेक्षा साठच वाटा, उरलेल्या पैशातून वस्तीतलीच एखादी शिवणकाम येणारी ताई पगारावर ठेवा, तिने दोन वर्षं घरोघरी जावं, मशीन बघावी, हिशोब बघावा, शाळा आणि दवाखान्यांकडून ऑर्डर आणून द्यावी. सुई, तेल, पट्टा असं सुरुवातीचं सामान मशीनसोबतच द्या. आणि नवीन वाटपाची जाहिरात कराल तेव्हा तीन वर्षांपूर्वी दिलेल्यापैकी किती मशीनी आज चालू आहेत तो आकडाही सोबत छापा.

आपला,
एक मशीन मेकॅनिक, नंदनवन, नागपूर